फेरपालट केली तरी मक्यात अळी येते कशी? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘मक्यावर मका घेऊ नका’, म्हणजे एकाच रानात लागोपाठ मका नको, मध्ये पीक बदला, असा एका ओळीचा सल्ला छापला होता, त्यावर बरेच प्रश्न आले. कुणी विचारलं का घेऊ नका, कुणी थेट वादच घातला, आणि निम्म्या लोकांचं म्हणणं एकच की आम्ही फेरपालट करतोच की, तरी अळी येतेच. म्हणून या वेळचं सगळं सदर मक्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न : सर, मी बरीच वर्षं मका, मग सोयाबीन, मग परत मका असं पक्कं रोटेशन पाळतोय. यंदा पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) हात घालावा तिथे लष्करी अळी. शेजारी मक्यावर मका घेतात, त्यांच्याकडेपण तेवढीच. मग मी एवढं पाळून मिळवलं काय? का हे सगळं पुस्तकातच चालतं?

उत्तर : राग समजू शकतो, पण फेरपालटीकडून तुम्ही जे काम मागताय ते तिच्या आवाक्यातलंच नाहीये. ‘फेरपालटीने कीड कमी होते’ हे वाक्य कोणती कीड ते सांगितल्याशिवाय अर्धवट राहतं. कुठलीही कीड असो, आधी एवढंच विचारायचं की रानात मका नसतो तेव्हा ही असते कुठे, आणि परत मका आला की तिथपर्यंत पोचते कशी. या दोन गोष्टी कळल्या की फेरपालट चालणार का नाही ते बरंचसं तिथेच कळतं.

आता लष्करी अळीचं बघा. हिला सुप्तावस्था नाही, म्हणजे मातीत गप पडून पुढच्या मक्याची वाट बघत बसणं हा प्रकारच हिच्यात नाही. पतंग वाऱ्याच्या मदतीने एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जाऊ शकतो. खायला मका आवडतो हे खरं, पण साडेतीनशेच्या वर वनस्पतींवर तिची नोंद आहे, त्यामुळे मका नसला म्हणून ती उपाशी मरत नाही. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१६ च्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात, यावरनं तिचा वेग समजा. एक मादी आयुष्यात सरासरी दीड हजार अंडी घालते, एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे, वर करडी लव पसरलेली, आणि हवा गरम असेल तर अंड्यापासून पतंगापर्यंत महिन्याभरात पिढी तयार. अशा किडीला मागच्या वर्षी तुमच्या रानात सोयाबीन होतं का मका होता याने काही फरक पडत नाही, ती तुमच्या मातीतनं येतच नाही, वरून येते.

अगदीच काही होत नाही असंही नाही. अळी कोषात जायला मातीत उतरते, साधारण २ ते ८ सेंटिमीटर खोल, आणि मका काढून लगेच तिथेच मका पेरला तर त्या कोषांतून निघालेल्या पतंगांना कोवळं पीक दाराशीच मिळतं. मध्ये नांगरट झाली, पीक बदललं तर तेवढी सोय जाते. पण बाकीचे पतंग बाहेरून यायचे ते येतातच.

हिच्यासाठी खरी मेहनत दुसरीकडे करायची. आसपासच्या सगळ्यांची पेरणी शक्यतो थोड्याच दिवसांत उरकली तर बरं, नाहीतर पुढेमागे पेरलेल्या रानांतून तिला सतत कोवळा मका मिळत राहतो. उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोनदा रानातून चालायचं. सुरुवातीला पानावर खिडकीच्या काचेसारखे पांढुरके, आरपार दिसणारे ठिपके दिसतात, म्हणजे बारीक अळीने हिरवा थर खरवडलाय. पुढे पान उलगडलं की एका रेषेत भोकं, मग पोंग्यात ओली दाणेदार विष्ठा. अळी हातात घेऊन बघा, डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असले की तीच. ती बारीक आहे तोवरच उपाय करायचा, कारण अळी सहा अवस्थांतून जाते आणि आयुष्यभरात जेवढं पान खाते त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त एकट्या शेवटच्या अवस्थेत खाते. मोठी झाल्यावर ती पोंग्यात विष्ठेच्या बुचाखाली बसते आणि फवारा तिथपर्यंत नीट पोचतच नाही.

प्रश्न : मी कृषी पदवीला आहे. आमच्याकडे शिकवताना फेरपालटीचं उदाहरण म्हणून नेहमी कॉर्न रूटवर्म सांगतात पण तीच कीड का ते कोणी नीट सांगत नाही.

उत्तर : कारण मघाच्या दोन्ही प्रश्नांची तिची उत्तरं फेरपालटीला अगदी सोयीची आहेत. रूटवर्म म्हणजे डायब्रोटिका नावाच्या भुंगेऱ्याची अळी. उत्तर अमेरिकेत तिच्या दोन जाती मक्याला मोठा त्रास देतात, वेस्टर्न आणि नॉर्दर्न. वर्षाला एकच पिढी. उन्हाळ्याच्या अखेरीस मादी मक्याच्याच रानात मातीत अंडी घालते, एक मादी काही शे अंडी. ती अंडी तिथेच हिवाळा काढतात आणि पुढच्या वर्षी मे-जूनला फुटतात. बाहेर आलेली अळी इतकी बारीक की जास्तीत जास्त एखादा मीटर सरकू शकते, आणि खायला जवळजवळ फक्त मक्याचंच मूळ चालतं, काही गवतांवर थोडीफार तग धरते तेवढंच. मुळातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर ती जाते, पण सोयाबीनची मुळंही तो वायू सोडतातच, त्यामुळे बिचारी सोयाबीनच्या मुळाशी जाऊन पोचते आणि तिथे खायला काही नाही. काही दिवसांत खेळ खलास.

म्हणजे अंडी मातीत, अळीला लांब जाता येत नाही, खाणं एकच. या तिन्ही गोष्टी जमल्या की एका वर्षाच्या फेरपालटीने त्या रानातली पिढीच्या पिढी उपाशी मरते, औषधाचा थेंब न वापरता. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्स यांनी नॉर्दर्न रूटवर्मसाठी हाच उपाय १८८० च्या दशकात सांगितला होता, म्हणजे कीटकनाशकांचा जमाना यायच्या कितीतरी आधी.

नुकसान कसं होतं तेही बघून ठेवा, परीक्षेला नाही आलं तरी. मक्याच्या खोडाच्या बुडाशी मुळांची वर्तुळं असतात, एकावर एक. अळ्या ती वर्तुळं कुरतडत जातात. एक पूर्ण वर्तुळ गेलं की उत्पादन साधारण १५ टक्के घटतं असा अंदाज वापरतात. आणि मुळं गेलेलं झाड वारा-पावसात आडवं पडतं, मग परत उजेडाकडे वर वळतं आणि खोडाला वाक येतो. असं रान मशीनने काढताना जी कणसं हातची जातात ती आणखी वेगळी. अमेरिकेत नुकसान आणि बंदोबस्ताचा खर्च मिळून वर्षाला अब्ज डॉलरच्या घरात जातो, म्हणून हिला तिथे ‘अब्ज डॉलरची कीड’ म्हणतात.

युरोपात हा भुंगेरा १९९२ ला बेलग्रेडच्या विमानतळाजवळ पहिल्यांदा सापडला आणि मग पसरत गेला. तिथे फेरपालट किती चालली याचं चांगलं उदाहरण स्वित्झर्लंड. २००० मध्ये दक्षिणेकडच्या तिचिनो भागात तो दिसला आणि नंतर तिथे मक्यावर मका घ्यायला बंदी आली, भुंगेरे शेजारून उडत येत राहिले पण त्यांच्या अंड्यांना पुढच्या वर्षी मकाच मिळेना, त्यामुळे संख्या वाढू शकली नाही.

प्रश्न : मी असं ऐकलंय की अमेरिकेत किड्यांनी फेरपालटीलाच हरवलं. हे खरं का नुसती गोष्ट? कीटकनाशकाला रेझिस्टन्स येतो हे समजतं, पण पीक बदलण्याला रेझिस्टन्स कसा येणार?

उत्तर : खरं आहे, आणि एकदा नाही, दोनदा झालंय, दोन वेगळ्या जातींनी दोन वेगळ्या वाटांनी. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग हाच.

पहिली नॉर्दर्न रूटवर्म. हिची मादी अंडी मक्याच्याच रानात घालते, त्यात काही बदल नाही. बदललं ते अंडं. एक हिवाळा गेला की फुटायचं सोडून काही अंडी तशीच पडून राहायला लागली, दुसरा हिवाळा काढायचा आणि मग फुटायचं. मका, सोयाबीन, मका असं चक्र असेल तर दोन हिवाळ्यांनी रानात परत मकाच. मिनेसोटा, साउथ डकोटा, आयोवा या पट्ट्यात हा प्रकार नीट नोंदवला गेलाय, आणि काही अंडी तीन-चार हिवाळेसुद्धा काढतात. अशी अंडी पूर्वीही थोडी असायचीच. पण सगळा मुलूख एक वर्षाआड मका घ्यायला लागल्यावर लवकर फुटणारी मरत गेली आणि उशिरा फुटणारी वाढत गेली.

दुसरी वेस्टर्न. १९८७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पायपर सिटी या गावाजवळ बियाण्याच्या मक्यात मुळं खाल्लेली दिसली, आणि त्या रानांत आदल्या वर्षी सोयाबीन होतं. सुरुवातीला लोकांना वाटलं हीपण उशिरा फुटणारी अंडीच असणार. पण तसं नव्हतं. इथे मादीनेच सवय बदलली होती, ती मक्यातून उडून सोयाबीनमध्ये जाऊन अंडी घालत होती. १९९५ पर्यंत पूर्व-मध्य इलिनॉय आणि इंडियानाच्या वायव्य भागात फेरपालट केलेल्या मक्याचं मोठं नुकसान झालं.

तिने काही डोकं लढवलं असं समजू नका. विचार करा, सगळीकडे मका आणि सोयाबीन आलटून पालटून आहे. जी मादी शिस्तीत मक्यातच अंडी घालते तिची सगळी पिल्लं पुढच्या वर्षी सोयाबीनमध्ये फुटून मरणार. जी मादी जरा भटकी आहे, इकडेतिकडे कुठेही अंडी टाकते, तिच्यातली सोयाबीनमध्ये पडलेली अंडी पुढच्या वर्षी बरोब्बर मक्यात फुटणार. दरवर्षी शिस्तीच्या मरतात, भटक्या उरतात. कीटकनाशकाने जशी निवड होते तशीच निवड इथे आपल्या पीकपद्धतीने केली. म्हणून तर ही मादी सोयाबीनवर प्रेम करते असंही नाही, ओट, लसूणघास अशा इतर रानांतही ती अंडी घालते.

यात एक अडचण होती. सोयाबीनचं पान भुंगेऱ्याला पचत नाही, त्यात पचनाचे रस अडवणारी प्रथिनं असतात, नुसत्या सोयाबीनवर भुंगेरा काही दिवसांत मरतो. मग या माद्या तिथे अंडी घालण्याइतका वेळ टिकतात कशा? इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की या भटक्या प्रकाराच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात आणि त्यांच्या मदतीने तो सोयाबीनच्या पानावर थोडा जास्त तग धरतो. त्यांनी भुंगेऱ्यांना अँटिबायोटिक दिलं तर हा फायदाच गेला, तेही साध्या भुंगेऱ्यांइतकेच टिकले. थोडाच जास्त वेळ, पण मादीला तेवढा पुरतो.

आता यावरून फेरपालट सोडून द्यायची का? अजिबात नाही. दोन्ही प्रकार काही ठरावीक पट्ट्यांतच जोरात आहेत आणि दोन्ही एकाच कारणाने वाढले, ते म्हणजे अख्ख्या मुलखात तीच दोन पिकं त्याच क्रमाने. चक्र ठरलेलं असलं की किडीला तेवढंच एक गणित सुटायला पुरतं.

प्रश्न : मक्यानंतर ज्वारी घेतली तर चालेल का? दोन्ही तृणधान्यच आहेत म्हणून विचारतो.

उत्तर : कोणासाठी विचारताय त्यावर आहे! रूटवर्मसाठी ज्वारी एकदम चांगली. ज्वारीच्या मुळात धुरिन नावाचं द्रव्य असतं, मूळ कुरतडलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि अळी मरते. पण खोडकिड्यासाठी, म्हणजे कायलो पार्टेलससाठी, ज्वारी आणि मका दोन्ही घरचेच. वरून तो धसकटात आणि कडब्यात अळीच्या रूपात सुप्तावस्थेत राहतो, त्यामुळे मक्यानंतर ज्वारी म्हणजे त्याला नुसती खोली बदलून दिल्यासारखं. हाच क्रम एका किडीचा सत्यानाश करतो आणि दुसरीला पोसतो. खोडकिडा जास्त असेल तर मध्ये डाळवर्गीय पीक घ्या, धसकटं वेचून किंवा खोल नांगरून मोडा, नुसतं पीक बदलून धसकटं तशीच ठेवली तर पतंग त्यातनं निघून बाजूच्या मक्यावर जाणारच.

प्रश्न : फेरपालटीने कीड वाढू पण शकते का?

उत्तर : हो. बरीच वर्षं गवताखाली असलेलं रान मोडून मका घेतला की वायरवर्म आणि हुमणीचा (मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीचा) त्रास हमखास जास्त. वायरवर्म म्हणजे क्लिक बीटलची अळी, पिवळसर, कडक, तारेसारखी, ती मातीत २ ते ५ वर्षं राहते, म्हणजे एका हंगामाचं पीक बदलून तिचं काही बिघडत नाही. रोपं बुडातून कापणाऱ्या अळीचा पतंग तणाने माखलेल्या रानात पेरणीच्या आधीच अंडी घालून जातो, त्यामुळे आधीचं पीक कोणतं यापेक्षा पेरणीआधी तण किती दिवस उभं होतं हे जास्त बघा. हिरवळीचं खत ताजं ताजं गाडून लगेच मका पेरला तर कुजणाऱ्या पाल्यावर जिची अळी बियाणं खाते ती माशी येते, म्हणून दोन-तीन आठवडे मध्ये जाऊ द्यावेत.

प्रश्न : मी सोयाबीन घेतलं होतं आणि त्यात मागच्या वर्षीच्या पडलेल्या कणसांमधून मका उगवला होता. तोडायचा कंटाळा केला. काही फरक पडतो का हो?

उत्तर : पडतो, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. तुम्ही कागदावर सोयाबीन लिहिलंय पण मातीतल्या अळीला मक्याचं मूळ सापडलं म्हणजे तिच्या हिशोबाने तिथे मकाच आहे. वर ही झाडं उशिरा तुऱ्यात आली की आसपासचा मका वाळलेला असतो, त्यामुळे कोवळे केस आणि पराग खायला भुंगेरे त्यांच्याचकडे धावतात आणि तिथेच खाली अंडी घालतात. पडलेलं एक कणीस म्हणजे एकाच जागी उगवलेला दाट झुबका, तो उपटायला फार वेळ लागत नाही. झाडं लहान असतानाच उपटा, मुळं खाऊन अळी मोठी झाल्यावर उपटून उपयोग कमी.

प्रश्न : शेजारचे दरवर्षी मका घेतात. मग माझ्या एकट्याच्या फेरपालटीला अर्थ आहे का?

उत्तर : परत कीड कोणती त्यावर. रूटवर्मसारखी, मातीतून वर येणारी असेल तर आहे, आणि चांगला आहे. शेजाऱ्यांचे भुंगेरे तुमच्या मक्यात येतील, केस खातील, अंडीही घालतील, पण पुढच्या वर्षी तुम्ही तिथे मका घेणारच नाही, त्यामुळे ती अंडी वाया. आणि ज्या रानात तुम्ही पुढच्या वर्षी मका घेणार तिथे यंदा मका नसल्यामुळे अंडी नाहीत (मघाचा भटका प्रकार सोडून). म्हणजे शेजाऱ्याची चूक शेजाऱ्यालाच भोवते, असं शेतीत क्वचितच होतं.

उडून येणाऱ्या पतंगवर्गीय किडींच्या बाबतीत मात्र एकट्याने करून फारसं हाती लागत नाही. खोडकिडा, लष्करी अळी यांना तुमचा बांध कळत नाही. तिथे पंचवीस-तीस जणांनी मिळून धसकटं मोडली, एका वेळी पेरलं, तरच आकडे हलतात.

प्रश्न : आता बीटी मका आहे, बियाण्याला लावायची औषधं आहेत. मग फेरपालटीची कटकट कशाला?

उत्तर : कारण त्या सगळ्यांना टिकवायला तीच लागते. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी रूटवर्मवर अल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही औषधं चालेनाशी झाली, आणि तिथून तो रेझिस्टंट भुंगेरा पूर्वेकडे पसरत गेला. मग २००३ मध्ये रूटवर्मसाठीचा बीटी मका, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारा मका, बाजारात आला. २००९ मध्ये आयोवातल्या काही रानांत त्या मक्याची मुळं खाल्लेली आढळली, २०११ मध्ये तपासणीचे निष्कर्ष छापून आले की त्या अळ्या क्राय३बीबी१ या प्रथिनाला दाद देत नाहीत. आणि ती रानं कोणती होती? जिथे तेच बीटी असलेला मका निदान ३ वर्षं सलग घेतला होता ती.

औषधाने काही किडे उरतात ते नेमके औषध पचवणारे. उपासमारीत असा भेद होत नाही, औषध पचवणारी अळी आणि न पचवणारी अळी दोघी सोयाबीनच्या मुळाशी सारख्याच मरतात. म्हणून रेझिस्टन्स आलेल्या रानात पहिला सल्ला एक वर्ष मका बंद असाच मिळतो. लष्करी अळीबद्दल हे लागू नाही, तिचं वर सांगितलंच.

जाता जाता एक गंमत. मक्याच्या काही जाती मूळ कुरतडलं गेलं की मातीत एक वास सोडतात, कॅरियोफायलीन, आणि त्या वासाने अळीला मारणारे सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे बारीक जंत) तिकडे ओढले जातात. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्यातच कळलं की अमेरिकेतल्या बऱ्याच वाणांत हा वास सोडायची क्षमताच राहिलेली नाही. उत्पादन बघून निवड करता करता ती कधी गेली कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रश्न : फेरपालटीऐवजी आंतरपीक घेतलं तर?

उत्तर : ऐवजी नको, जोडीला घ्या. दोन्हींचं काम वेगळं. फेरपालट मातीतल्या किडीचं खाणं तोडते, आंतरपीक उडत येणाऱ्या किडीला गोंधळात टाकतं. केनियातल्या इसिपे या कीटकसंस्थेने ब्रिटनच्या रॉदमस्टेडबरोबर खोडकिड्यासाठी बसवलेली ‘पुश-पुल’ पद्धत प्रसिद्ध आहे, मक्याच्या ओळींत डेस्मोडियम, ज्याचा वास पतंगाला नकोसा होतो, आणि कडेने नेपियर गवत, ज्यावर मादी अंडी घालते पण अळ्या नीट जगत नाहीत. याच्याच कोरड्या हवेसाठी बदललेल्या रूपाने पूर्व आफ्रिकेत लष्करी अळीचा प्रादुर्भावही बराच कमी झालेला दिसला. शिवाय मक्यावरचं स्ट्रायगा हे परजीवी तणही डेस्मोडियमने दबतं.

प्रश्न : फेरपालटीने कीड खरंच कमी झाली हे ओळखायचं कसं? नुसतं ‘यंदा बरं वाटतंय’ असं म्हणून चालणार नाही ना.

उत्तर : चांगला प्रश्न, आणि कोणी विचारत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, मागचं वर्ष आणि यंदाचं वर्ष यांची तुलना जवळजवळ निरुपयोगी आहे. रूटवर्मची अंडी फुटायच्या वेळेला माती पाण्याने गच्च असेल तर बारीक अळ्या बुडून मरतात, जास्त वाळूच्या जमिनीत अंग खरचटून मरतात, मग श्रेय फेरपालटीला द्यायचं का पावसाला? तुलना करायची तर त्याच हंगामात, शेजारी शेजारी, एक मक्यावर मका आणि एक बेवड (आधीचं पीक) बदललेला, वाण आणि पेरणीची तारीख शक्यतो एकच. निदान एक छोटा तुकडा तरी असा ठेवा.

दुसरं, काय मोजताय ते ठरवा. ‘किती टक्के झाडांवर अळी’ आणि ‘एका झाडावर किती अळ्या’ हे दोन वेगळे आकडे आहेत. लष्करी अळ्या मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात, त्यामुळे पोंग्यात एकच अळी दिसते आणि झाडामागच्या अळ्यांचा आकडा सगळीकडे सारखाच वाटतो. तिच्यासाठी टक्केवारी मोजा, रानात इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखं चालत पाच ठिकाणी थांबून, दर ठिकाणी लागोपाठची झाडं बघायची, चांगली-वाईट निवडायची नाहीत. बांधाकडची झाडं वेगळी धरा, तिथे बऱ्याचदा आकडा वेगळा येतो.

मुळांवरची कीड असेल तर वरून बघून कळणारच नाही. झाड मुळासकट मातीच्या गोळ्यासह खणून काढायचं, बादलीत भिजत घालायचं आणि पाण्याच्या धारेने धुवायचं, मग कुरतडलेली मुळं दिसतात, टोकं तपकिरी आणि आखूड झालेली. अळ्यांचं खाणं थांबल्यावर हे करा, फार उशीर केला तर नवीन मुळं फुटून जुनी जखम झाकली जाते. झाड आडवं पडलं म्हणून रूटवर्म असंही धरू नका, नुसत्या वादळाने किंवा खोड कुजूनही मका पडतो.

आणि सापळ्यांचे आकडे जपून वापरा. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने ओढणाऱ्या सापळ्यात, नर पतंग अडकतात, ते कुठून आले हे सापळा सांगत नाही. सापळ्यात पतंग वाढले म्हणजे आता रानात फिरायची वेळ झाली एवढंच, त्यावरून फेरपालट फसली का जमली हे काढता येत नाही.

प्रश्न : थोडक्यात सांगा, एक वर्षाचा खंड पुरतो का?

उत्तर : साध्या रूटवर्मला पुरतो. अंडी दोन हिवाळे काढणारा प्रकार असेल तर नाही, मग दोन मक्यांमध्ये निदान दोन वर्षं दुसरी पिकं हवीत आणि तीही दर वेळी त्याच क्रमाने नकोत. भटका प्रकार असेल तर खंड कितीही वाढवला तरी मक्याच्या आदल्या वर्षी रानात काय होतं आणि तिथे भुंगेरे किती फिरत होते तेच महत्त्वाचं, त्यासाठी आदल्या हंगामात त्या सोयाबीनमध्ये पिवळे चिकट सापळे लावून मोजतात. वायरवर्म, हुमणीला पेरणीआधी माती उकरून बघा, अळ्या सापडल्या तर त्या रानात मका पुढे ढकला. लष्करी अळीला खंड मोजत बसू नका.